गोखल्यांनी कायदेकौन्सिलात नेमकं काय मिळवलं?

तुम्ही स्पर्धा परीक्षेची तयारी करता आहात आणि तुमचा प्रश्न असा आहे: पुस्तकात गोपाळ कृष्ण गोखल्यांना ‘थोर संसदपटू’ म्हटलंय, आणि त्याच पानावर खाली लिहिलंय की त्यांचं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक 1912 साली 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. ज्या कायदेकौन्सिलात, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या कायदे करणाऱ्या सभेत, ते बसत तिथे बहुमत सरकारचं, अंदाजपत्रकावर मतदान नाही, सत्तेत जाण्याची शक्यता नाही. मग तेरा वर्षं तिथे बसून या माणसानं मिळवलं काय? की ‘थोर’ हे विशेषण नुसतं आदरापोटी लावलंय?

प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारल्याबद्दल मला बरं वाटलं. मी वीसेक वर्षं मुंबई आणि नागपूरच्या अधिवेशनांचं वार्तांकन केलं. त्यानंतरची बरीच वर्षं जुन्या कौन्सिलांची छापील कामकाजं वाचण्यात गेली. त्या दोन्ही अनुभवांवरून सांगतो.

तुमची खरी अडचण गोखल्यांबद्दलची नाही, मोजमापाची आहे. आपण आजच्या आमदाराची फूटपट्टी त्यांना लावतो. आज विरोधी बाकावरच्या साध्या आमदाराकडेही तारांकित प्रश्न असतो, त्यावर उपप्रश्न असतात, लक्षवेधी सूचना असते, कपात सूचना असते, अशासकीय विधेयक असतं. आणि सगळ्यांच्या मागे अविश्वासाच्या ठरावाची भीती असते. गोखले 1902 मध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले तेव्हा त्यांच्या हातात यातलं काय होतं? प्रश्न विचारता येई, पण उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा बोलता येई, पण त्यावर ठराव मांडता येत नसे, मत मागता येत नसे. विधेयकं बहुतेक सरकारचीच. त्यांना दुरुस्त्या सुचवायच्या आणि त्या पडताना पाहायच्या. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय, म्हणजे ज्यांच्या कारभारावर टीका करायची तेच सभापती, आणि चर्चेचा शेवटचा शब्दही त्यांचाच.

हे असं का होतं ते दोन वाक्यांत सांगतो, कारण परीक्षेलाही उपयोगी पडेल. 1861 च्या कायद्यानं कौन्सिलात हिंदी माणसांना नेमता येऊ लागलं (1862 मध्ये नेमलेल्या पहिल्या तिघांत ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव राजवाडे होते), पण समोरच्या विधेयकापलीकडे एक शब्द बोलायची मुभा नव्हती. 1892 च्या कायद्यानं प्रश्न आणि अंदाजपत्रकावरची चर्चा आली, शिवाय आडवळणानं का होईना, निवडणूक आली. गोखल्यांचा ‘मतदारसंघ’ म्हणजे मुंबई कौन्सिलातले मूठभर गैरसरकारी सभासद. फिरोजशहा मेहतांनी प्रकृतीच्या कारणानं ती जागा सोडली आणि गोखले तिथे गेले, वय अवघं पस्तीस.

तर अशा सभेत काय मिळवता येतं, हा खरा प्रश्न. माझं उत्तर असं की तिथे मतं मिळवता येत नव्हती, पण सरकारला आकड्यांत उत्तर द्यायला भाग पाडता येत होतं. ते उत्तर छापलं जाई, देशभरच्या वर्तमानपत्रांत फिरे आणि पुढच्या वर्षी सरकारच्या अंगावर तेच उत्तर घेऊन उभं राहता येई. गोखल्यांनी हे काम जितक्या नेटानं केलं तितकं त्या सभेत आधी कुणी केलं नव्हतं. ‘थोर’ शब्दाचा अर्थ मी तिथे शोधतो.

आता हे त्यांना जमलं कसं, ते त्यांच्या घडणीत आहे. चरित्राचा पहिला भाग तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून भराभर सांगतो. जन्म 9 मे 1866, गुहागरजवळच्या कोतळूकचा. वडील कागलला नोकरीला होते, ते गोपाळ तेरा वर्षांचा असताना गेले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवू लागले. पंधरातले आठ! पुढे ज्या माणसानं साम्राज्याच्या अंदाजपत्रकात एकेक लाख कुठे जातो हे विचारलं, त्याला पैशाची ही जाणीव घरातून मिळाली होती असं मला मनापासून वाटतं. 1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., मग पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेज. शिकवायला गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे पडेल ते. त्यांनी शाळांसाठी अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं आणि ते पुष्कळ वर्षं चाललं.

त्यांना घडवलं मात्र न्यायमूर्ती रानड्यांनी. पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेचं त्रैमासिक, सरकारला पाठवायचे अर्ज, निवेदनं, सगळ्याचे मसुदे रानड्यांच्या नजरेखालून जात. एकदा एका मोठ्या कष्टानं तयार केलेल्या निवेदनाला सरकारकडून दोन ओळींची पोच आली. गोखले खट्टू झाले. रानडे त्यांना म्हणाले, त्याचा मतितार्थ असा: हे अर्ज नावाला सरकारकडे जातात, खरे ते आपल्या लोकांना उद्देशून असतात, या गोष्टींचा विचार कसा करायचा हे लोकांना कळावं म्हणून. ही आठवण गोखल्यांनीच पुढे सांगितली आहे. कौन्सिलातली त्यांची भाषणं वाचताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवलीत, तर निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरं नाव सोलापूरचं. गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी हायस्कुलातले हेडमास्तर. सरकारी नोकर असल्यामुळे नाव न घालता लिहीत. जमीनमहसूल, लष्करी खर्च, आयात-निर्यात यांचे सरकारी अहवाल या माणसाला तोंडपाठ. गोखल्यांच्या आकड्यांमागे जोशींची मेहनत आहे आणि गोखल्यांनी ते ऋण मान्य केलं आहे. मी वार्ताहर असताना जे मोजके आमदार अंदाजपत्रकावर खरोखर चांगलं बोलत, त्या प्रत्येकाच्या मागे असा एक कुणीतरी असे: निवृत्त लेखापाल, कॉलेजातला प्राध्यापक, पाटबंधारे खात्यातला जुना माणूस. सभागृहात नाव एकाचं निघतं, काम दोघांचं असतं. चरित्र वाचताना हा दुसरा माणूस शोधायची सवय लावून घ्या.

तिसरी गोष्ट कडू आहे, पण टाळू नका. 1897 मध्ये गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारं ते कमिशन, दादाभाई नौरोजी त्याचे सभासद. साक्ष उत्तम झाली. त्याच मुक्कामात पुण्याहून पत्रं आली, प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची. गोखल्यांनी ते तिथल्या खासदारांपुढे आणि वर्तमानपत्रात मांडलं. तिकडे 22 जूनला पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आणि सरकार पुरावा मागू लागलं. परत आल्यावर शोध घेतला तर पुरावा देणारं कुणी पुढे येईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. अनेकांनी त्यांना भित्रे ठरवलं. तो आरोप खोटा होता की फक्त सिद्ध करता आला नाही, यावर आजही वाद घालता येईल. पण मी त्यांची 1897 नंतरची भाषणं वाचतो तेव्हा त्या घटनेची छाया मला जवळजवळ प्रत्येक पानावर दिसते: सरकारच्याच अहवालातून दाखवता येणार नाही असा आकडा हा माणूस पुन्हा तोंडातून काढत नाही.

1899 मध्ये ते मुंबई कौन्सिलात गेले. तिथे दोन वर्षं दुष्काळ आणि शेतसाऱ्यावर बोलले. 1901 मध्ये जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं. शेतकऱ्याला जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क ज्यात राहत नाही अशा नव्या पद्धतीची तरतूद त्यात होती. लोकांची मतं अजमावल्याशिवाय ते रेटलं जातंय म्हटल्यावर फिरोजशहा सभागृहातून उठून गेले आणि त्यांच्यामागून गोखलेही. आज सभात्याग रोजचा झालाय. तेव्हा सरकारी सभेतून उठून जाणं ही धक्कादायक गोष्ट होती. ‘मवाळ’ शब्दावर निबंध लिहिताना हे विसरू नका.

आता मुख्य गोष्ट, 26 मार्च 1902 चं पहिलं अंदाजपत्रकी भाषण. त्यावर जरा थांबतो, कारण गोखल्यांची सगळी रीत यात आहे.

सरकारनं त्या वर्षी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती. इतर सभासद अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांचं अभिनंदन करत होते. गोखल्यांनी सुरुवातच अशी केली की मला या अभिनंदनात प्रामाणिकपणे सामील होता येत नाही. त्यांचा सवाल साधा होता. 1896 पासून देशात प्लेग, दोन भयंकर दुष्काळ, माणसं आणि गुरं किड्यामुंगीसारखी मेलेली, आणि सरकारी तिजोरीत मात्र वर्षामागून वर्ष शिल्लक. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं?

उत्तर त्यांनी रुपयाच्या भावात शोधलं. हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेत सोन्यात पैसे चुकवावे लागत, कर्जाचं व्याज, पेन्शनी, इंडिया ऑफिसचा खर्च वगैरे. त्याला होम चार्जेस म्हणत. चांदी घसरत गेली तसा रुपयाही घसरला, तेरा पेन्सांपर्यंत आला. ती तूट भरून काढायला सरकारनं कर वाढवले. मिठावरचा कर 1888 मध्ये मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. मग 1893 मध्ये सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, म्हणजे कुणालाही आपली चांदी देऊन रुपये पाडून घेता येत असत ते थांबवलं, आणि रुपयाचा भाव मुद्दाम चढवून सोळा पेन्सांवर नेला.

तुम्ही कागद-पेन्सिल घ्या आणि करून बघा. एका पौंडाचे 240 पेन्स. रुपया तेरा पेन्सांचा असेल तर पौंडाला साडेअठरा रुपयांच्या जवळपास पडतात. सोळा पेन्सांचा असेल तर बरोबर पंधरा. विलायतेत दीड कोटी पौंड पाठवायचे असतील, तर नुसत्या दरातल्या फरकानं पाच कोटी रुपयांच्या आसपास वाचतात. म्हणजे शिल्लक भरभराटीतून आलेली नाही. रुपया पडला म्हणून बसवलेले कर रुपया चढल्यावरही तसेच ठेवले, त्यातून ती आली. गोखल्यांचं म्हणणं एवढंच की कारण संपलं, आता कर उतरवा.

हे झालं तिजोरीचं. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय होता तोही त्यांनी पाहिला. आपल्याकडे गरिबाची बचत म्हणजे बायकोच्या अंगावरचे गोठ, तोडे, वाळे. टांकसाळ उघडी होती तोवर चांदीची किंमत रुपयाच्या बरोबरीनं राहत असे. टांकसाळ बंद झाली आणि रुपया महाग, चांदी स्वस्त अशी ताटातूट झाली. दुष्काळात तोडे विकायला नेले तेव्हा हातात पूर्वीपेक्षा कमी रुपये आले, आणि सारा मात्र त्याच महाग रुपयात भरायचा. सावकाराचं देणंही त्याच रुपयात. चलनाचं धोरण कलकत्त्यात ठरतं आणि ते दुष्काळी गावातल्या तोड्यांपर्यंत कसं पोचतं, हे त्या सभेत असं आकड्यांनिशी मांडलं जाणं ही फार मोठी गोष्ट होती. मी हे भाषण पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

पुढे काय झालं? 1903 मध्ये मिठावरचा कर अडीचवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची सूट वर्षाला 500 रुपयांच्या उत्पन्नावरून 1000 वर गेली. 1905 मध्ये मिठाचा कर दीड रुपया, 1907 मध्ये एक रुपया. पाच वर्षांत अडीचचा एक.

इथे एक सावधगिरी, आणि ती मी चुकून शिकलोय. सुरुवातीला मी एका अंकासाठी लेख लिहिला, ‘गोखल्यांनी मिठाचा कर उतरवला’. एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. त्यांनी विचारलं होतं, तुम्ही सरकारचं उत्तर वाचलंत का? मी वाचलं नव्हतं, फक्त गोखल्यांचं भाषण वाचलं होतं. मग सगळं पुन्हा वाचलं. कर उतरण्यामागे अनेक गोष्टी होत्या. शिल्लक खरोखरच साचत होती, काँग्रेस वर्षानुवर्षं हीच मागणी करत होती, मिठाचा कर जाचक आहे हे काही अधिकाऱ्यांनाही पटत होतं. ‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे. आज मी एवढंच म्हणेन की शिल्लक लष्कराकडे आणि रेल्वेकडे सहज वळवता आली असती. ती लोकांकडून आलीय आणि लोकांकडे परत गेली पाहिजे हा मुद्दा दरसाल टेबलावर ठेवण्याचं काम गोखल्यांचं. परीक्षेत लिहायचं तर ‘प्रभावी मागणी केली’ असं लिहा, ‘रद्द करवला’ असं लिहू नका. तो रद्द झालाच नव्हता.

त्या चुकीनंतर मी वाचायची पद्धत बदलली, ती तुम्हालाही सांगतो. आधी सरकारी सभासदाचं उत्तर वाचायचं. त्यानं कोणता आकडा खोडून काढायचा प्रयत्न केला आणि कोणत्या आकड्याला हातच लावला नाही, ते टिपायचं. मग गोखल्यांचं भाषण. मग पुढच्या तीन वर्षांची अंदाजपत्रकं. ज्या आकड्याला उत्तर आलेलं नसतं, तिथे बहुतेक वेळा गोखल्यांचा घाव बसलेला असतो.

1909 च्या सुधारणांनंतर चित्र बदललं. कौन्सिल मोठं झालं, उपप्रश्न आले, ठराव मांडून मत मागण्याचा हक्क आला. पण कलकत्त्यात सरकारी बहुमत राखूनच: 37 सरकारी, 32 गैरसरकारी, आणि त्या बत्तीसांतले पाच पुन्हा सरकारनं नेमलेले. या नव्या हत्याराचा गोखल्यांनी पहिला वापर कशासाठी केला बघा. 25 फेब्रुवारी 1910 ला त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत जाणाऱ्या गिरमिटिया (करारानं बांधलेल्या) मजुरांची भरती थांबवण्याचा अधिकार सरकारनं घ्यावा असा ठराव मांडला. सरकारनं तो स्वीकारला आणि 1 जुलै 1911 पासून नाताळची भरती बंद झाली. तुमच्या पुस्तकात हे नसेल, कारण पडलेलं विधेयक लक्षात राहतं आणि मान्य झालेला ठराव विसरला जातो. मार्च 1912 मध्ये त्यांनी सगळीच गिरमिट पद्धत बंद करा असा ठराव आणला, तो मात्र पडला. चार वर्षांनी, गोखले गेल्यानंतर, मदनमोहन मालवीयांनी तसाच ठराव आणला आणि सरकारनं तत्त्व मान्य केलं. 1917 मध्ये भरती थांबली. म्हणजे ‘एकही गोष्ट मंजूर करून घेता आली नाही’ हे तुमच्या प्रश्नातलं गृहीतक तेवढंसं बरोबर नाही.

आता ते 38 विरुद्ध 13.

मार्च 1910 मध्ये गोखल्यांनी आधी ठराव आणला, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा विचार करायला कमिशन नेमा. ब्रिटिश हिंदुस्थानात लोकसंख्येच्या 1.9 टक्के मुलं शाळेत होती आणि शेजारच्या बडोदा संस्थानात 8.6 टक्के. हा आकडा सरकारला झोंबणारा होता, कारण विलायतेशी तुलना केली की ‘तो देश वेगळा’ म्हणता येतं, बडोद्याला तसं म्हणता येत नाही. सयाजीरावांनी 1893 पासून अमरेली तालुक्यात सक्ती करून पाहिली होती आणि 1906 मध्ये ती सगळ्या संस्थानाला लावली होती. सरकारनं विचार करण्याचं आश्वासन दिलं, गोखल्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारनं स्वतंत्र शिक्षण खातं काढलं. सक्ती मात्र दिली नाही. मग 16 मार्च 1911 ला गोखल्यांनी स्वतःचं विधेयक मांडलं.

ते विधेयक वाचाल तर त्याच्या सावधपणाचं आश्चर्य वाटेल. देशभर सक्ती नाहीच. एखाद्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला वाटलं, तिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जात असली आणि सरकारनं परवानगी दिली, तरच त्या भागात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना सक्ती. मुलींना ती पुढे लावायची. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळवणाऱ्या बापाला फी माफ. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेचा, दोन सरकारचे. इतकं सांभाळून केलेलं विधेयकही नको झालं. शिक्षण खात्याचे सर हारकोर्ट बटलर यांचं म्हणणं, लोकांचीच मागणी नाही, प्रांतिक सरकारं अनुकूल नाहीत, आधी शाळा वाढू द्या.

आणि इथे मतांचा आकडा नीट बघा. गैरसरकारी सभासद बत्तीस असताना विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे ते बारकाईनं तपासणाऱ्या समितीकडे, पाठवायच्या बाजूनं मतं पडली तेरा. म्हणजे ते नुसतं सरकारी बहुमतानं पाडलं नाही. काही जमीनदार सभासदही विरोधात होते. गरिबांची पोरं शाळेत गेली तर शेतावर कामाला कोण, हा प्रश्न तिथे होता. मतदानाचे आकडे वाचताना विरोधी बाजूला कोण आहे यापेक्षा आपल्या बाजूला कोण नाही हे बघायला मी वार्ताहर असताना शिकलो. गोखल्यांची खरी लढाई इंग्रजाशी जेवढी होती तेवढीच आपल्या वरच्या वर्गाशी होती, हे त्या तेरा मतांवरून कळतं.

19 मार्च 1912 च्या उत्तराच्या भाषणात ते म्हणाले की आज दिवस मावळायच्या आत हे विधेयक फेकलं जाणार हे मला ठाऊक आहे, माझी तक्रार नाही आणि मी निराशही नाही. इंग्लंडातसुद्धा 1870 च्या कायद्याआधी किती प्रयत्न वाया गेले होते याची त्यांनी आठवण करून दिली. आमच्या पिढीनं अपयशातूनच देशाची सेवा करायची आहे, यशानं सेवा करणारे पुढे येतील, असा त्याचा आशय. हे वाक्य लोक भावनेनं उद्धृत करतात. मला ते कामाचं वाक्य वाटतं, कारण पुढचे लोक खरोखर आले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. मुंबई कौन्सिलात विठ्ठलभाई पटेलांनी आणलेलं विधेयक मंजूर होऊन 1918 मध्ये नगरपालिकांना सक्ती करण्याचा अधिकार मिळाला, आणि त्याचा सांगाडा गोखल्यांच्या विधेयकाशी जवळचा आहे. त्याआधी, विधेयक मांडल्यानंतर आणि ते पडण्यापूर्वी, डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात सरकारनं लोकशिक्षणासाठी पन्नास लाखांचं अनुदान जाहीर केलं होतं. इथेही ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांचा फरक लक्षात ठेवा. पण सक्ती नाकारणाऱ्या सरकारला पैसा तरी दाखवावा लागला, हे उघड आहे.

त्यांच्याविरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगायला हवी. 1907 मध्ये राजद्रोही सभांच्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. पण 1910 च्या प्रेस कायद्याला विरोधी मत दिलं नाही. त्या काळच्या राजकीय खुनांचं सावट होतं, नव्या सुधारणा धोक्यात येतील ही भीती होती, हे सगळं खरं. तरीही त्या कायद्यानं पुढे देशी वर्तमानपत्रांचे जे हाल केले ते पाहता मला, एक पत्रकार म्हणून, त्यांचा तो निर्णय चुकलाच असं वाटतं. सरकारला आतून समजावता येईल यावरचा त्यांचा विश्वास त्या दिवशी जास्त ठरला.

म्हणून ‘गोखले यशस्वी की अयशस्वी’ याचं उत्तर तुम्ही कशाशी तुलना करता त्यावर अवलंबून आहे. लोकांना रस्त्यावर उतरवण्याच्या ताकदीत टिळकांशी तुलना कराल तर गोखले फिके पडतील, तो त्यांचा पिंडच नव्हता. त्याच सभेतल्या, तेच नियम असलेल्या इतर सभासदांशी तुलना कराल तर त्यांच्या आसपास फार थोडे येतात. आणि एकेका विषयाचा पाठपुरावा किती वर्षं केला हे बघाल, तर मिठाचा कर, लष्करी खर्च, शिक्षण आणि गिरमिट या चार विषयांवर त्यांनी जवळपास अखेरपर्यंत पकड सोडली नाही. 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला तोही याच विचारानं, अभ्यास करून पूर्ण वेळ सार्वजनिक काम करणारी माणसं तयार व्हावीत म्हणून. मधुमेहानं पोखरलेलं शरीर घेऊन 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेले, पब्लिक सर्व्हिस कमिशनचं काम केलं, आणि 19 फेब्रुवारी 1915 ला पुण्यात वारले. वय अठ्ठेचाळीस.

परीक्षेला वेळ थोडा असेल तर तीनच भाषणं वाचा: 1902 चं अंदाजपत्रकावरचं, फेब्रुवारी 1910 चं नाताळच्या मजुरांवरचं, आणि मार्च 1912 चं शिक्षण विधेयकावरचं उत्तराचं भाषण. मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्यांच्या भाषणांचे खंड मिळतात. 1902 चं वाचताना रुपया-पेन्सांचं गणित हातानं करा, नाहीतर ते भाषण कोरडं वाटेल. आणि 1912 चं वाचायच्या आधी बटलरांचं भाषण वाचून घ्या. गोखले ज्या हरकतींना एकेक करून उत्तर देताहेत त्या समोर असल्या, की ते उत्तर किती मेहनतीनं बांधलंय ते दिसेल. कुठे अडलात तर पुन्हा विचारा.